निधनाची पट्टी

तीर्थपुरीत कुणी गेलं की रडारड थांबायच्या आत आमच्याकडे फोन यायचा. माझे मिस्टर देवानंद गावाचं केबल चालवायचे, आणि आमच्या लोकल चॅनेलवर खालून सरकणारी पट्टी मी टाइप करायचे. कोण गेलं, माती किती वाजता, एवढंच. दुकानांच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचो, मयताचे कधीच नाही. आसपासच्या खेड्यांतली माणसं ती पट्टी वाचूनच घरून निघायची.

मग मोबाइल कंपनी आली. एकाच वायरीत फोन, इंटरनेट, टीव्ही, आणि सुरुवातीला सगळं फुकट. त्यातच नियम आला: लोकल चॅनेल चालवायचं तर रीतसर कंपनी काढा, नोंदणी करा. सगळ्यांना सारखा नियम, म्हणे! एकीकडे देशभर टॉवर असलेली कंपनी आणि दुसरीकडे मी, देवानंद आणि आमची शिडी. चांगलीच बरोबरी की.

देवानंद तरीही हटले नाहीत. "गिऱ्हाईक टिकलं तर आपुन बी कंपनी काढू," म्हणाले आणि घरोघर फिरले. सोयाबीनचे आडते तातेराव यांनी त्यांना ओट्याखाली उभं ठेवून ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाले. आठवड्याभरात त्यांच्या गच्चीवर कंपनीची वायर चढली. मोठ्या घराचं पाहून गल्ली गेली, गल्लीचं पाहून खेडी गेली. उन्हाळ्यात आम्ही चॅनेल बंद केलं. का बंद केलं, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. देवानंदना कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

परवा सकाळी तातेराव आमच्या दारात उभे. इतक्या वर्षांत आमच्या वस्तीत त्यांचा पाय पहिल्यांदाच पडला. एरवी मुनीम यायचा. त्यांची आई गेली होती.

"देवानंद, जल्दी पट्टी टाक. खेड्यातली माणसं यायची हायेत."

"चॅनेल बंद हाये, भाऊ. कधीचंच."

"बंद? मला कोणी बोललं न्हाई."

"तुमच्याकडं आमची वायरच न्हाई. मंग कसं कळंल?"

तातेराव तापले. "मी एकट्यानं काढली तर काय झालं? बाकीच्यांकडं तर दिसायला पायजे का न्हाई?"

मला राहवलं नाही. "बाकीच्यांनी बी असंच म्हणून काढली," मी म्हणाले. "मोबाइलवर टाका ना. फुकट हाये."

"टाकलं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "ग्रुपवर समदे हात जोडून राह्यलेत. निघालं कोणीच न्हाई."

देवानंदनी मोटारसायकल बाहेर काढली. गावोगाव तोंडी सांगायला निघाले होते. मी हँडल धरलं. "यांच्यासाठी जाता? तुम्हाला लाज कशी वाटत न्हाई?"

"म्हातारीनं थोडीच वायर बदलली?" ते म्हणाले आणि माझा हात हळूच बाजूला केला.

गाडी गेली. तातेराव तिथंच डोळे पुसत उभे होते. मी त्यांना बसा म्हणाले नाही. रडू मलाही आलं, पण ते त्यांच्या आईसाठी नव्हतं.