कोवळ्या उन्हाचा इंग्रजी शब्द

माघातले ऊन नीरेच्या काठावर उतरले होते. कोवळे, केशरी, संकोची ऊन. धुक्याची शुभ्र दुलई सावकाश विरत होती, दवाने भिजलेल्या पायऱ्या उजळत होत्या, आणि भोरमधल्या एका छोट्या घराच्या अंगणात, वेताच्या खुर्चीत, सर बसले होते. नुसतेच बसले होते.

उभा जन्म त्यांनी इंग्रजी शिकवण्यात घालवला. पण जीव जडला होता तो दुर्मिळ शब्दांवर. कोशाच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या, कुणीही विचारत नसलेल्या शब्दांवर. असा एखादा सापडला की सर लगबगीने स्वयंपाकघरात येत आणि पत्नीला, कुमुदिनीबाईंना, तो ऐकवत. बाई मराठी शाळेत शिकलेल्या. त्या शब्द जिभेवर घोळवत, चुकत, हसत, आणि मग त्याला मराठी लुगडे नेसवत. 'क्विडनंक' म्हणजे गावभर बातम्या हुंगत फिरणारा माणूस, हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "अगंबाई, म्हणजे आपले शेजारचे नानाच की!" सर त्या दिवशी जेवताना ठसका लागेपर्यंत हसले होते.

मग भाद्रपदात सरांच्या अंगावरून वारे गेले, आणि वाणी गेली. थंडी सरेपर्यंत बोलले तर बोलले, नाहीतर आशा सोडा, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. थंडी आता सरत आली होती.

एखाद्या दुर्मिळ शब्दाने तरी त्यांची वाचा फुटेल, म्हणून बाई शब्द शोधत होत्या. वेड्यासारख्या शोधत होत्या. डोळे चुरचुरत होते, जाडजूड कोशाची पाने उलटत होती.

"सिथुरिझम," त्यांनी अडखळत वाचले. "अहो, पानांतून वारा जातो ना, ती सळसळ. बघा, पिंपळसुद्धा बोलतोय. तुम्हीही बोला ना हो."

सर पिंपळाकडे पाहत राहिले.

"ग्लोमिंग. दिवेलागणीचा उजेड." बाईंनी पान उलटले. "ऍप्रिसिटी. थंडीतल्या उन्हाची ऊब. हेच ऊन, आत्ता तुमच्या अंगावर आहे ते!" किती देखणे शब्द, किती नाजूक, आणि एकही कामाचा नाही! बाईंना त्या साऱ्या शब्दांचा संताप आला. कोश मांडीवरून घसरला, तो त्यांनी उचललाही नाही.

आता एकच शब्द उरला होता. लग्नात उखाण्यापुरता उच्चारलेला, मग 'अहो'च्या आड जन्मभर झाकून ठेवलेला. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य उणे होते, असे आईने बजावले होते, आणि बाईंनी ते निमूट पाळले होते. आज त्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या, सरांचा थंड हात छातीशी कवटाळला, आणि फुटक्या, आर्त, अनावर स्वरात ओरडल्या,

"मनोहर!"

सरांनी मान वळवली. विझलेल्या डोळ्यांत चमक आली. ओठ थरथरले, वाकडे झाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्या अंगणात सरांचा आवाज उमटला.

"म्ह... म्हणजे काय?"

बाईंना हसू आणि हुंदका एकदमच फुटला. सर बोलले होते! सर अर्थ विचारत होते.

"म्हणजे तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही हो. तुम्हीच."

सरांनी तो शब्द जिभेवर घेतला. एक अक्षर, मग दुसरे, मग तिसरे, मग चौथे. परक्या मुलखातून आलेला शब्द घ्यावा तसा, हलकेच, हौसेने, अनोळखीपणे.