जाड तुकडीचं मनगट

मिरकरवाड्याच्या बंदरावर धोंडूबाईसारखी सुरमई कापणारी दुसरी नाही. हे ती स्वतःच सांगते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला तोंड दुखवावं लागत नाही. मासा अख्खा विकत घ्यायचा, पण कापणं तिच्या मर्जीवर. आवडत्या गिऱ्हाइकाला बोटभर जाड तुकडी. घासाघीस करणाऱ्याला पापडासारखी, तव्यावर पडली की मोडणारी. आंबेवाल्या उमावहिनींना वीस वर्षं पापडच मिळाला.

मग धोंडूबाईचं उजवं मनगट बिघडलं. विळीवर मासा दाबला की डोळ्यांतून पाणी. तेल झालं, लेप झाला, देवाला नारळ झाला. शेवटी ती हाडांच्या डॉक्टरकडे गेली, तर तो निघाला सलिल, उमावहिनींचाच मुलगा.

"मावशी, सांध्यातली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय," तो म्हणाला. "ऑपरेशन करून, धातूची पट्टी नि स्क्रू घालून ती हाडं एकजीव करू. दुखणं जाईल, बोटंही चालतील. पण मनगट पुन्हा वाकणार नाही."

"मग माजी सुरमय?" धोंडूबाईने विचारलं. विळी सुटली तर घरात बसून सुनेची बोलणी खायची, याची तिला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटत होती.

"हात कोणत्या कोनात बसवायचा ते एकदाच ठरतं. कापताना कसा धरता ते दाखवा. विळी घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विळी आली, सुरमई आली आणि नर्सने नाकाला पदर लावला. ज्याच्या हाती आपला हात जायचा त्याला खूश ठेवलेलं बरं, म्हणून धोंडूबाईने दात-ओठ खात, व्याह्यांना वाढाव्यात तशा जाडजूड तुकड्या पाडल्या. सलिलने कोन मोजला, फोटो काढला.

"रोज अशाच कापता ना?"

"तर! जल्मभर अशाच."

"सगळ्यांना?"

"देवाशप्पत!"

ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं, हाडं जुळली, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा विळीवर बसली. मासा दाबला, दुखलं नाही. आनंदाने तिला रडूच आलं. डोळे पुसते तोच समोर उमावहिनी, घासाघीस करत.

धोंडूबाईने पापडाचा नेम धरला. हात वळेचना. पडली ती बोटभर जाड तुकडी. दुसरीही तशीच, तिसरीही.

उमावहिनी बघतच राहिल्या. "धोंडूबाय, इतक्या वर्षांनी माझ्यावर माया आली गो तुला?" आता धोंडूबाई नाही कसं म्हणणार?

तपासणीला गेल्यावर तिने तक्रार केली, "डॉक्टर, माजा हात सगळ्यांनाच जाड कापतोय. एखादा स्क्रू जरा ढिला करा की!"

सलिल हसत सुटला. "मावशी, तुमची सुरमई खाऊन मी मोठा झालोय. एवढी जाड तुकडी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. म्हणून तर दोनदा विचारलं."

धोंडूबाईने खाडकन कपाळावर हात मारून घेतला. मनगट जरासुद्धा दुखलं नाही.