हायड्रोजन आणि हेलियमच्या मधलं रान

उद्या विज्ञान प्रदर्शन, आणि आज दुपारी शाळेतून येऊन बघते तर माझ्या आवर्तसारणीच्या वरच्या ओळीत सोळा ठिगळं जास्तीची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागदाचा तक्ता आमच्या वर्गात टिकत नाही, म्हणून मी सारणी गोधडीवर शिवायचं ठरवलं होतं. माझी आई, प्रेमाबाई, ऑर्डरीवर गोधड्या शिवते आणि शेजारच्या फरिदाखाला तिच्या जोडीला बसतात. एका मूलद्रव्याला एक ठिगळ, त्यावर दोऱ्यानं नाव आणि अणुअंक, असा आराखडा मी काढून दिला होता. वरच्या ओळीत डाव्या टोकाला हायड्रोजन, उजव्या टोकाला हेलियम आणि मधे काही नाही. त्या 'काही नाही'त दोघींनी लाल-पिवळी कोरी ठिगळं बसवली होती. खालच्या दोन ओळींतल्या मोकळ्या जागांसाठी कापडंही कापून तयार होती.

"कुणी सांगितलं होतं भरायला?" मी ओरडलेच.

"गोधडीत मोकळी जागा ठेवत न्हाईत," आई शांतपणे म्हणाली. "तिथं कापड पातळ पडतंय आन आधी तिथंच फाटतंय. आन तूच म्हनालीस न्हवं, ज्यानं हे पहिल्यांदा मांडलं त्यानं काही घरं मोकळी ठेवली, मागनं ती मूलद्रव्यं घावली म्हून? मग आमी आधीच भरली."

"हमने तो अच्छाच किया ना, बेटा?" खाला म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका खुश होता, की मला आणखीच राग आला.

"उसव ते सगळं!"

आईनं सुई कापडात खोचली. "का उसवू? मला पटवून दे. पटलं तर माज्या हातानं उसविते, आन तुला शास्त्रालाबी धाडते. न्हाय पटलं तर तू गावातच शीक."

दहावीनंतर मला शास्त्र शाखेला जायचं होतं. त्यासाठी रोज जीपनं नळदुर्ग गाठावं लागणार होतं, आणि आईचा त्याला ठाम नकार होता. माझा थोरला भाऊ बजरंग शास्त्राला गेला, पुस्तकंच्या पुस्तकं पाठ केली आणि अकरावीतच आपटला. नुसत्या पाठांतरासाठी दुसरं लेकरू धाडणार नाही, असं आईनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. तिचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नाही, माझे वडीलसुद्धा नाहीत.

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हणाले.

"बजरंगबी हेच म्हनायचा."

हे मला चांगलंच झोंबलं. मग मी धडाधड सुरू केलं: पहिलं कवच, त्यात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात आठ, बाह्यतम कवच, संयुजा. चौथ्या वाक्याला आईनं सुईत दोरा ओवायला घेतला. मला रडूच कोसळणार होतं, पण मी दात आवळले. हिला पटवल्याशिवाय उठायचं नाही, मग प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

खालांचा बटणांचा डबा मी जमिनीवर उपडा केला.

"हे बटण म्हणजे प्रोटॉन. अणूच्या मधोमध असतो. एक प्रोटॉन असला की हायड्रोजन." मी एक बटण मांडलं. पलीकडे दोन मांडली. "दोन झाले की हेलियम. बस, प्रोटॉन मोजायचे आणि नाव सांगायचं. आता या दोघांच्या मधलं एक मूलद्रव्य तू मला मांडून दाखव."

आईनं एक बटण उचललं. ठेवलं. "हे तर हायड्रोजनच झालं." दुसरं ठेवलं. "हेलियम." मग तिसरं.

"तीन म्हणजे लिथियम. ते खालच्या ओळीत तूच शिवलंयस."

"आधा रखे तो?" खाला बटण मोडायच्या बेतात होत्या.

"अर्धा प्रोटॉन कुणाकडंच नसतो, खाला."

आई बटणांकडं बघत राहिली. "मग त्यानं मोकळी ठेवलेली घरं?"

"त्याला ही मोजदाद ठाऊक नव्हती. गुणांवरून त्यानं ओळखलं, की इथं कुणीतरी हुकलंय. जस्त तीस, त्याच्या पुढचं त्याला माहीत असलेलं तेहेतीस. मोजून बघ, मधे दोन खरंच उरतात. पण एक आणि दोनच्या मधे?"

"कुनीच न्हाय," आई हळूच म्हणाली. "येनारंच कुनी न्हाय." मग लगेच तिची मान वर झाली. "पर मग ही दोघं जवळजवळ का न्हाईत बसवलीस? मधी एवढं रान कशाला?"

"उभ्या ओळीत सारख्या स्वभावाची बसवतात. हेलियमचं कवच दोनातच भरतं, म्हणून ते कुणात मिसळत नाही. शेवटच्या उभ्या ओळीतली सगळी तसलीच."

आई गालात हसली. ब्लेड उचलून तिनं पहिलं लाल ठिगळ उसवलं, मग पिवळं. मी श्वास सोडला. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"पहिल्या कवचात दोनच मावत्यात. दुसऱ्यात आठच का? सात का न्हाईत?"

मी तोंड उघडलं. पुस्तकातलं वाक्य जिभेवर तयार होतं, पण त्यात 'का' नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं, तिला काय कळणार होतं? पण तिच्याकडं बघून ते करवेना.

"मला माहीत नाही, आई."

"मास्तरास्नी?"

"विचारलं होतं. म्हणाले, ते पुढं शिकवतात. शास्त्राला गेल्यावर."

आता हिनं ब्लेड खाली ठेवलं की संपलं सगळं, असं वाटलं.

"बजरंगला काय बी विचारलं तर सगळं ठावं असायचं. 'म्हाईत न्हाय' असं कदी म्हनलाच न्हाय," आई म्हणाली आणि तिसऱ्या ठिगळाचा टाका तोडला. "तू जा नळदुर्गला. आठच का, ते कळलं की आधी मला येऊन सांग."