भाजलेला आशीर्वाद

सभागृहाच्या मंचावर कोरफडीच्या दोन कुंड्या होत्या आणि त्यांच्यापुढे चांगली शिकलीसवरलेली माणसं हात जोडून उभी होती. एका कुंडीतली पानं मनगटाएवढी जाड, दुसरीतली वाळक्या शेंगेसारखी.

"माती तीच, पाणी तेच," मातीबाबा डोळे मिटून म्हणाले. "हिला माझी चिमूट मिळाली, हिला तुमची शंका मिळाली."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला अक्कल लागत नाही.

बाबांचा नियम सोपा होता. माती आधी घरच्या ओव्हनमध्ये धूर निघेपर्यंत भाजायची, म्हणजे तिच्यातलं पाप जळतं. मग बाबा डबीतली काळी चिमूट टाकणार आणि त्या रोपाच्या गरानं कुठलाही रोग पळणार. घरोघरी माती करपत होती आणि घरात कुणी शहाणं उरलं नव्हतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धाकटीनं हा तमाशा हसण्यावारी नेला असता. पण पहिल्या रांगेत तिची थोरली बहीण बसली होती. ताईनं चार दिवसांपासून इन्शुलिन बंद करून कोरफडीचा गर सुरू केला होता. ओठ कोरडे पडले होते, पायाची जखम चिघळली होती, आणि "आतली घाण बाहेर पडतेय" असं तीच इतरांना समजावत होती. धाकटीला तिचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

धाकटी तीन कुंड्या घेऊन मंचावर चढली.

"तिन्हींत ताईनं दोन महिन्यांपूर्वी भाजलेली माती आहे. पहिलीत बाबांची चिमूट. दुसरीत शाळेमागच्या गटाराकाठच्या गवताच्या मुळांची माती."

दोन्ही रोपं सारखीच तरारली होती.

"गटारातही माझाच वास आहे," बाबा म्हणाले.

"ते मी नाकारत नाही. आता तिसरी बघा. हिच्यातही बाबांचीच चिमूट आहे, पण आधी भाजलेली."

तिसरं रोप खुरटलं होतं.

"अश्रद्धेच्या हातानं भाजलं की आशीर्वाद निघून जातो," बाबा हसले.

"मी भाजली," पहिल्या रांगेतून ताई म्हणाली. "धाकटी म्हणाली, चिमूटही शुद्ध करून बघू. तुमचं नाव घेत भाजली, बाबा."

बाबांनी डोळे उघडले.

"जिवंत मातीत मुळांना बिलगून राहणारी बुरशी असते," धाकटी म्हणाली. "तिचे तंतू लांबून अन्न आणून रोपाला देतात. ओव्हनमध्ये तुम्हीच ती मारता. चिमूट मी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. डबीत झाडाखालची माती आहे, कोळशाच्या पुडीनं काळी केलेली. तुमचंच तुमच्याकडून जाळून घ्यायचं आणि चिमूटभर परत द्यायचं."

"पण रोप तर वाढतंच ना?" एका भक्तानं चाचरत विचारलं.

"वाढतं की. बुरशीनं कोरफड वाढते. ताईची साखर उतरत नाही."

बाबांनी डबी झोळीत टाकली आणि मागचं दार गाठलं. ताई धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"इन्शुलिन फेकलं नाहीस ना गं?" तिनं विचारलं.

"फ्रिजमध्ये आहे. आधी दवाखान्यात चल."

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो एकदा भाजून बघावा. आणि तोवर औषध चालू ठेवावं.