गुणाबाईचा आवाज

रईसाबींना साठीत जिवाभावाची मैत्रीण मिळाली ती मोबाईलवरच्या लुडोत. लॉकडाऊनमध्ये दादीचा वेळ जावा म्हणून नातीने, अलीझाने, तो खेळ फोनमध्ये टाकून दिला होता. नवऱ्याच्या माघारी नांदेडच्या त्या भरल्या घरात रईसाबींशी बोलायला तशी कुणाला सवड नव्हती. एका दुपारी समोरच्या खेळाडूने त्यांची सोंगटी मारली आणि फोनमधून बाईमाणसाचा आवाज आला, "राग मानू नका, पण मारल्याबिगर माझी घरात कशी जाईल?" रईसाबी अशा दचकल्या की फोन मांडीवरून खाली पडला. मग हसू आवरेना.

ती लातूरची गुणाबाई. क्लासच्या पोरांसाठी मेस चालवायची. तेव्हा पोरं आपापल्या गावी गेलेली, चूल थंड. नवरा दगडोबा मुळातच अबोल. दोघींचं जमलं. खेळ बाजूला राहिला आणि आवाजाचे मेसेज सुरू झाले, कारण टायपिंग दोघींनाही धड येत नव्हतं. अंबाड्याच्या भाजीत लसूण किती, गुडघ्याला कुठलं तेल, चाचणीत कमी मार्क पडलेलं पोरगं ताटावर कसं बसतं, सगळं एकमेकींना कळायचं. क्लास पुन्हा भरले, मेस गजबजली, तरी गुणाबाईचा दुपारचा मेसेज चुकला नाही. तीन वर्षांत प्रत्यक्ष भेट मात्र झाली नव्हती.

लातूरच्या भूकंपाला तीस वर्षं व्हायची होती त्या साली, गणपतीच्या दिवसांत, गुणाबाईचा एक लांब मेसेज आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"रईसाबी, हे मी कुणालाच बोलले न्हाई. त्या रात्री विसर्जन बघून आलो. हे शेतात राखणीला. माझी लेक पुनम म्हणली, आजीपाशी अंगणात झोपते. मी म्हणलं, न्हाई, सर्दी झालीय, आत झोप. ऐकंना, तर एक चापट बी मारली. अन् मी, उकडतंय म्हणून, भाईर ओट्यावर. भिंत आतच पडली. यांना मी सांगितलं, ती आपल्या मनानं आत गेली म्हणून. अजून त्यांना तेवढंच म्हाईत हाय."

रईसाबींनी तो मेसेज ऐकला आणि पदरात तोंड घालून रडल्या.

दोन दिवसांनी अलीझा जवळ येऊन बसली. कॉलेजसाठी भूकंपावर व्हिडिओ करत होती. "दादी, तुमची ती मैत्रीण तिकडचीच ना? तिचं काही आहे का तुमच्याकडे?"

कितीतरी दिवसांनी घरातलं कुणी त्यांना काही मागत होतं. हा आवाज आपला नाही, हे त्यांना बोट टेकवतानाही ठाऊक होतं. तरी पाठवला. "नाव घालू नको बेटा," एवढं म्हणाल्या.

अलीझाने नाव घातलं नाही. पण व्हिडिओ पसरत पसरत लातूरला पोचला. मेसमधल्या एका पोराने जेवताना तो लावला. पंगतीला पाणी वाढत होते दगडोबा.

"रईसाबी, माझा आवाज पोरांच्या मोबाईलमधी वाजायलाय. ह्यांनी ऐकला," एवढाच मेसेज आला.

घाबरून रईसाबींनी उत्तर दिलं, "गुणाबाई, कसम से, पोरीने मला न विचारता घेतला." त्यावर उत्तर आलं नाही. दादीकडून हे कळताच अलीझाने रडत रडत व्हिडिओ काढून टाकला. तिचा सुजलेला चेहरा बघून रईसाबी ताटावरून उठल्या. एक विश्वासघात होताच, वर निरपराध नातीच्या माथी खोटं मारलं होतं. आठवडाभर फोन लावून पाहिला, पलीकडून कुणी उचलला नाही. मग त्यांनी बुरखा चढवला आणि लातूरची एसटी धरली.

मेस शोधायला वेळ लागला नाही. दारात एक ठेंगणी बाई तांदूळ निवडत होती, शेजारी म्हातारा लसूण सोलत होता.

"गुणाबाई," रईसाबी म्हणाल्या. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं. सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"अलीझाने नाही घेतला. मीच पाठवला. तुमच्याशी खोटं बोलले."

"का पाठवला?"

"तिने मला काही मागितलं म्हणून. घरात मला कुणी काही विचारत नाही."

गुणाबाई म्हणाली, "मला तरी कोण विचारत होतं? म्हणून तर तुमाला सांगितलं."

दगडोबा उठले, म्हणाले, "पाणी दे त्यास्नी," आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले.

पाणी देताना गुणाबाई बोलली. "हे चार दिवस बोलले न्हाईत. मग एकदा म्हणले, मी राखणीला गेलो नसतो तर पोरगी माझ्यापाशी झोपली असती. तवापासून आमी दोघं तिचं नाव घेतो. पण तुमच्यामुळं बरं झालं, असं मनात आणू नका. ते मला सांगायचं होतं, माझ्या तोंडानं."

"हो," रईसाबी म्हणाल्या.

गुणाबाईने त्यांना जेवू घातलं. वरण, भात, शेपूची भाजी. आग्रह केला नाही. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "मोबाईल द्या."

तिने तो मेसेज पुसला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. भाज्या, तेलं, पोरांच्या गमती, हसणं, तीन वर्षांचं सगळं एकेक करून जात होतं. 'ते तरी राहू द्या' असं रईसाबींच्या ओठांपर्यंत आलं, पण ते मागायचा हक्क आपण घालवलाय, हे त्यांना कळत होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी लुडोचं बोलावणं आलं. रईसाबींनी ते घेतलं.

"टाका फासा," गुणाबाई म्हणाली.

आता दोघी खेळतात आणि खेळतानाच बोलतात. भाज्यांचं बोलतात, गुडघ्यांचं बोलतात. पुनमचं नाव गुणाबाई काढत नाही आणि आवाजाचा मेसेज पुन्हा कधी आलेला नाही. रईसाबीही त्याबद्दल विचारत नाहीत. त्यांची सोंगटी मारली की पलीकडून हसू येतं, आधीपेक्षा थोडं कमी. ते ऐकलं की त्या रोज मनातल्या मनात माफी मागतात.