हसनाबादची सभा

दैवशालाबाईंनी अंबाडीची जुडी सोडून सुपात पसरली आणि देठ खुडायला घेतले, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. आधी एक तरुण मुलगी उतरली. तिच्या हाताच्या आधारानं मागून पांढऱ्या झब्ब्यातला एक म्हातारा उतरला, काठी टेकून उभा राहिला आणि घराकडं बघत राहिला.

बेचाळीस वर्षं झाली होती. तरी ओळख पटायला क्षणही लागला नाही. लालचंद शेठ.

आतून आदिनाथ लगबगीनं बाहेर आला. शेठना हाताला धरून त्यानं ओसरीत आणलं, खुर्ची ओढली.

"आई, शेठजी आलेत. काल जैनांची संवत्सरी झाली ना. आज सगळ्यांच्या घरी जाऊन माफी मागतात."

"माहीत आहे," दैवशालाबाई म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. त्या बसा म्हणेनात, म्हणून शेठही बसले नाहीत. नात रूपल एकदा आजोबांकडं आणि एकदा खुर्चीकडं बघत उभी राहिली.

"चहा?" आदिनाथनं विचारलं.

"फक्त गरम पाणी. उकळलेलं," रूपल म्हणाली, आणि तो आत गेला.

शेठनी काठी नातीच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.

"वहिनीसाहेब, मिच्छामि दुक्कडम्. तुमच्या घरावर मी खोटा आळ घेतला होता. काकासाहेब गेले, त्यांची माफी मागायची राहून गेली. निदान तुमची मागतो."

दैवशालाबाईंनी एक देठ खुडला, मग दुसरा.

नवा जिल्हा झाला, तेव्हा दैवशालाबाईंच्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मुंबईला जाऊन भांडणारे तेच, रस्ता कुठून जायचा, दवाखाना कुठं बांधायचा ते ठरवणारेही तेच. महिन्यातले वीस दिवस ते बाहेर असत. इकडं हसनाबादला सासू-सासरे, तीस एकर रान, गडीमाणसं आणि दोन लेकरं दैवशालाबाईंनी ओढली. त्यातलं धाकटं गोवरानं गेलं, तेव्हा काकासाहेब कुठल्याशा बैठकीत होते. निरोप पोचला, ते तिसऱ्या दिवशी आले आणि तेराव्याला परत गेले. लोक म्हणायचे, देशकार्य करणाऱ्याची बायको अशीच लागते. दैवशालाबाईंना ते तेव्हा खरं वाटायचं. थोडं बरंही वाटायचं.

मग कालव्याच्या कामाचा वाद निघाला. लालचंद शेठ विरोधी गटाचे. त्यांनी पत्रक काढून गावोगाव वाटलं: कालव्याचा ठेका द्यायच्या आदल्या दोन रात्री काकासाहेब ठेकेदाराच्या बंगल्यावर मुक्कामाला होते. होते की नव्हते, जनतेला सांगा, नाही तर राजीनामा द्या.

काकासाहेबांनी हसनाबादच्या बाजारादिवशी सभा लावली. सकाळी आरशासमोर फेटा बांधता बांधता ते म्हणाले, "चांगलं लुगडं नेस. आज तुलाबी यायचंय."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. स्टेजवर चल असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. दैवशालाबाईंनी हिरवं इरकल नेसलं, शेजारणीकडून वेणीसाठी शेवंतीची फुलं मागून आणली. त्यांची खुर्ची काकासाहेबांच्या खुर्चीला लागून ठेवली होती.

काकासाहेब माइकसमोर उभे राहिले.

"मी ठेकेदाराच्या बंगल्यावर नव्हतो. त्या दोन्ही रात्री मी जालन्यात उषाबाई नावाच्या एका बाईकडं होतो. चार वर्षं झाली, मी तिच्याकडं जातो. ही माझी बायको इथं बसली आहे, तिच्यासमोर सांगतो. माणूस म्हणून मी घसरलो असंल. पण जनतेशी बेइमानी केली न्हाई."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्यांनी भरून गेलं. दैवशालाबाईंनी पदर सारखा केला. समोर बायकांची रांग होती. त्यातली एकही त्यांच्याकडं बघत नव्हती.

परत येताना जीपमध्ये काकासाहेबांनी विचारलं, "पाणी हाय का?"

त्यांनी तांब्या दिला.

पुढच्या निवडणुकीत काकासाहेब दुप्पट मतांनी निवडून आले. असा खरा माणूस पाहिला न्हाई, असं लोक बोलत. शोकसभेतही तीन जणांनी तीच गोष्ट सांगितली. दैवशालाबाई तेव्हा पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटची चार वर्षं काकासाहेब अंथरुणात होते. त्यांचं सगळं दैवशालाबाईंनीच केलं होतं.

"शेठजी," दैवशालाबाई आता म्हणाल्या, "तुमी ते पत्रक काढलं नसतं, तर मला कधी कळलंच नसतं. मी तशीच मेले असते. सुखानं."

"तेच सांगायला आलो मी," लालचंद शेठ म्हणाले. ते खांबाला टेकले. "पूरी बात सांगतो. बंगल्याची गोष्ट खोटी आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं. ते कुठं होते, तेही माहीत होतं. उषाबाईंचं घर आमच्या दुकानामागच्या गल्लीत. काकासाहेबांची जीप नेहमी दिसायची."

दैवशालाबाईंचा हात सुपात थांबला.

"मंग खरंच का न्हाई छापलं?"

"बाईमाणसाचं नाव पत्रकात? ते माझ्यानं झालं नसतं. आणि दुसरं म्हणजे, गरजच नव्हती. मी हिशेबानंच त्या दोन रात्री निवडल्या होत्या. कुठं होतात, असं विचारलं की त्यांना जबाब देता येणार न्हाई. ते गप्प बसतील, राजीनामा देतील, घरी जातील. मी सगळ्यांना बोललो होतो, आठ दिवसांत खुर्ची खाली होते."

"गप्प कशापायी बसतील?"

शेठनी त्यांच्याकडं बघितलं. इतकी साधी गोष्ट त्या विचारतायत, याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"तुमच्यासाठी, वहिनीसाहेब. लेकरू गेलेलं, घर तुम्ही एकटीनं सांभाळलेलं, साऱ्या तालुक्याला माहीत होतं. मला वाटलं, माणूस खुर्ची सोडील, पण हे तोंडातून काढणार न्हाई. घरात बायको आहे, तिचं काय होईल, एवढा विचार तर कुणीबी करंल. बिलकुल खात्री होती मला."

रस्त्यापलीकडच्या गणपतीच्या मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो.

"तुमाला तसं वाटलं होतं," दैवशालाबाई म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"सगळ्यांनाच वाटलं होतं. त्यांच्या माणसांनासुद्धा. ते बोलले, तेव्हा मी तिथंच होतो, वडाखाली. तुमच्याकडं बघितलं आणि तसाच निघून आलो. पुढं राजकारण सोडलं. पण इथं यायची हिंमत नव्हती."

रूपल खाली मान घालून काठीची मूठ अंगठ्यानं चोळत होती.

आदिनाथ पाण्याचा पेला घेऊन आला. त्यानं यातलं काही ऐकलं नव्हतं. "शेठजी, पुढच्या महिन्यात वडिलांच्या पुण्यतिथीला तुम्ही दोन शब्द बोलाच," तो उत्साहानं म्हणाला. "विरोधकानंच सांगितलं की आळ खोटा होता, तर लोकांवर फार परिणाम होईल. आई, तू माफ केलं म्हण ना. किती वेळ उभे आहेत ते."

दैवशालाबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन त्या उठायला लागल्या. आदिनाथ पुढं झाला, तसा त्यांनी त्याचा हात सारला. उभं राहायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हाताऱ्यासमोर हात जोडले.

"तुमीच मला माफ करा, शेठजी."

"अहो, तुम्ही कशाला?"

"बेचाळीस वर्षं झाली. रोज सकाळी दिवा लावला, की तुमच्या नावानं बोटं मोडत आले." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बोटं मोडायला मी माणूस चुकले."