तीनशे मीटरच्या आत

मोजणीदारांनी अंतर मोजायचं चाक शाळेच्या फाटकाला टेकवलं, आकडा शून्यावर आणला आणि चालायला लागले. चाक दर मीटरला ‘टक्’ करायचं.

“परत?” पहारेकरी स्टुलावरून म्हणाला. “दुपारपासून तिसरी फेरी ही. रस्ता वाढतोय की काय?”

“कमी होतो का बघतोय.”

पहारेकरी खो खो हसला. मोजणीदार हसले नाहीत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

नियम नवा होता. शाळेच्या फाटकापासून तीनशे मीटरच्या आत बर्गर, तळलेले बटाट्याचे काप असलं काही विकणारं दुकान नको, म्हणजे पोरांची वजनं आटोक्यात राहतील. नगरपालिकेच्या सभेत तो एकमतानं मंजूर झाला. सभा तीन तास चालली, आणि मधल्या सुट्टीत सभासदांनी जे खाल्लं ते ज्या दुकानातून आलं होतं, त्याच दुकानाचं अंतर आता मोजायचं होतं. काप छान होते, असं इतिवृत्तात कुठं नाही. पण आठवत सगळ्यांना होतं.

हा भाग खरं म्हणजे दुसऱ्या मोजणीदाराचा. यांनी तो मागून घेतला. कारण कोणी विचारलं नाही. अकरा महिन्यांपूर्वी सगळी कचेरी त्यांच्या घरी येऊन गेली होती. पोरगा सतरा वर्षांचा, रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. उचलायला आठ जण लागले होते, आणि त्यातले तिघे याच कचेरीतले होते.

पहिल्या दोन फेऱ्यांत अंतर तीनशे चार आलं होतं. चार मीटरनी दुकान वाचत होतं.

आता मोजणीच्या धंद्यात एक लबाडी आहे. चाक पदपथाच्या मधोमध न्यायचं असतं. वळणावर ते भिंतीला घासून नेलं, की मीटर-सव्वा मीटर गुपचूप खिशात पडतो. मोजणीदारांनी नोकरीच्या एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. करणाऱ्यांना मात्र चारचौघांत झापलं होतं. शाळेपासून दुकानापर्यंत चार वळणं होती. चारही वळणांवर त्यांचा खांदा भिंतीला लागला. सदऱ्याला चुना लागला.

दुकानाच्या पायरीशी आकडा थांबला. दोनशे नव्याण्णव.

त्यांनी कागद काढला आणि शिसपेन्सिलीनं आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचं त्यांना वाईट वाटलं. आतून तेलाचा वास आला. त्या वासात काहीतरी त्यांच्याकडे पाहत होतं, अशी त्यांची खात्री होती.

“अगंबाई, साहेब!” दुकानवाल्या बाई काउंटरमागून पुढे आल्या. “होतात कुठं वर्षभर? मला वाटलं, बदली झाली.”

“कामात होतो.”

“आजही कामातच दिसताय. मगाशी दोनदा आलात, चाकाकडं बघत परत गेलात. मी हाक मारणार होते, पण म्हटलं, मोजताना माणूस बोलला तर आकडा चुकतो म्हणे.” त्यांनी चाकाकडे पाहिलं. त्यांचं हसू जरा उतरलं. “तो नवा नियम ना? सुटणार का मी?”

मोजणीदारांनी कागदाची घडी घातली.

“वरिष्ठ ठरवतील.”

“सोळा वर्षं झाली हो इथं. आता या वयात कुठं जाऊन तळू?” एवढं बोलून त्या वळल्या, जाळी तेलात सोडली आणि सवयीनं विचारलं, “कुरकुरीतच ना? पोराला तसेच लागतात.”

मोजणीदारांनी कागद खिशात ठेवला.

“बरा आहे ना तो?”

“हो,” मोजणीदार म्हणाले. “बरा आहे.”

“माझ्याकडं एकदाच आला बघा. शाळा सुटल्यावर. रांगेतल्या कार्ट्यांनी चिडवलं, ‘अरे, बाकीच्यांना काही ठेव.’ काही न घेताच गेला बिचारा. परत कधी फिरकला नाही.” त्यांनी काप निथळले. “मग तुम्हीच यायचात. रोज संध्याकाळी, पाऊस असो वा ऊन. मी तर इथल्या बायकांना सांगायचे, बाप असावा तर असा.”

पाकीट त्यांनी मोजणीदारांच्या हातात ठेवलं.

“घ्या हो, लाच नाही. लाच द्यायची असती तर मोठं पाकीट दिलं असतं.”

दुकानाबाहेर येऊन ते थोडा वेळ उभे राहिले. मग चाक पायरीला टेकवलं, आकडा शून्यावर आणला आणि घराकडे निघाले. या खेपेला चाक पदपथाच्या मधोमध होतं. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पाकीट. पाकीट पूर्वी रोज असायचं तसंच. पाकिटाची ऊब तळव्यात नेमकी त्याच जागी लागत होती.

शाळेच्या फाटकाशी आकडा आला तीनशे चार.

“साहेब, आता तरी मिटलं का?” पहारेकरी म्हणाला.

“अजून थोडं आहे.”

फाटकापुढच्या तिसऱ्या खांबाशी त्यांचे पाय आपोआप थांबले. सकाळी शाळेला सोडताना पोरगा इथं थांबायचा. बुटाची नाडी सुटली म्हणायचा. बूट बिननाडीचे होते. मोजणीदार तेव्हा समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायचे, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत. आत्ताही त्यांनी सगळ्या पाट्या वाचल्या. मागे कोणीतरी धापा टाकत होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. धाप खाली बसल्यावर ते पुढे निघाले.

घराच्या दारात आकडा आला पाचशे साठ; त्यातले तीनशे चार फाटकापर्यंतचे.

बायकोनं दार उघडलं. तिनं आधी पाकीट पाहिलं, मग चाक, मग सदऱ्याचा चुना.

“हे चाक कशाला घरी आणलंत?”

“एक मोजायचं राहिलं होतं.”

“काय?”

“शाळेच्या फाटकापासून आपलं घर.”

“मग? किती आलं?”

“दोनशे छप्पन्न.” ते उंबऱ्यावरच उभे होते. “तीनशेच्या आत.”

ती बाजूला सरली आणि त्यांना आत येऊ दिलं.

टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. तिसरीच्या पायांना त्यांनीच कधीकाळी लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. ते आपल्या खुर्चीत बसले, कागद उलगडला, खोडरबरानं दोनशे नव्याण्णव पुसलं आणि शाईच्या पेनानं तीनशे चार लिहिलं. खाली सही केली.

बायकोनं पाकीट ताटलीत ओतलं. कुरकुरीत काप एकेक वेचून तिनं एका बाजूला काढले, आणि ताटलीची ती बाजू तिसऱ्या खुर्चीकडे वळवली. मग तिच्या लक्षात आलं.

तिनं ताटली परत फिरवली नाही.